ब्रिओना टेलर यांची बातमी उशिरा का पोहोचली?

प्रश्न : अमेरिकेत पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूची बातमी काही दिवसांतच आपल्याकडे पोहोचली. ब्रिओना टेलर त्याआधीच मारल्या गेल्या होत्या, तरी त्यांचे नाव मी नंतर ऐकले. हा योगायोग, की कृष्णवर्णीय स्त्रियांकडे माध्यमांचे दुर्लक्षच होते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : याला योगायोग म्हणता येणार नाही. अमेरिकेतील लुइव्हिल शहरात रुग्णालयात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या ब्रिओना १३ मार्च २०२० रोजी मध्यरात्रीनंतर स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडल्या. झडतीसाठी पोलिसांनी दार फोडले, घरात कोणी घुसखोर शिरले असे समजून ब्रिओनांच्या मित्राने एक गोळी झाडली आणि पोलिसांनी ३२ गोळ्या झाडल्या. गुन्ह्याची पहिली बातमी बहुधा पोलिसांच्या निवेदनावरूनच तयार होते. त्यामुळे सुरुवातीच्या वृत्तांचा भर जखमी अधिकारी आणि अटक झालेला तो तरुण यांच्यावर राहिला, आणि एक निःशस्त्र स्त्री आपल्याच घरात मारली गेली ही मुख्य गोष्ट मागे पडली. पोलिसांच्या अहवालात ब्रिओनांच्या जखमांच्या रकान्यात तर ‘काही नाही’ अशी नोंद होती! देशभर या प्रकरणाची दखल घेतली गेली ती कुटुंबाने न्यायालयात दावा दाखल केल्यानंतर, मे महिन्यात.

फ्लॉइड यांचा मृत्यू २५ मे रोजी भर रस्त्यात झाला आणि त्याची चित्रफीत जगाने पाहिली. ब्रिओनांच्या मृत्यूची अशी चित्रफीत नव्हती. परंतु चित्रफीत नसल्याचे कारण पुरेसे मानणे मला अन्यायाचे वाटते, कारण दाराआडचा अत्याचार शोधून काढणे हे पत्रकाराचेच काम आहे. पोलिसी हिंसेत मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नावे घेतली जावीत, यासाठी कायद्याच्या प्राध्यापक किंबर्ले क्रेनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१४ मध्येच मोहीम सुरू करावी लागली होती.

बेपत्ता स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडते. २०२१ मध्ये गॅबी पेटिटो या गोऱ्या तरुणीचा शोध वाहिन्यांनी सतत दाखवला. तेव्हा प्रत्येक बेपत्ता व्यक्तीला असेच लक्ष मिळावे, अशी मागणी खुद्द तिच्या शोकाकुल वडिलांनी केली. कॅलिफोर्नियात २०२४ पासून १२ ते २५ वर्षे वयाच्या बेपत्ता कृष्णवर्णीयांसाठी ‘एबनी अलर्ट’ ही स्वतंत्र सूचना देता येते. ती पोलिसांच्या विनंतीवरून निघते. पुढे बातमी किती दिवस चालवायची, हे मात्र अजूनही संपादकच ठरवतात.