आधी तिला जगू दे

चि. नव्या लेखकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी चित्रपटाची संहिता वाचली, सोबतचं टिपणही वाचलं. ठाण्यातला अर्धवट बांधलेला टॉवर, लिफ्टच्या खड्ड्यात पडून मेलेली बिगारी काम करणारी मुलगी, आणि रहिवासी राहायला आल्यावर बिल्डरच्या माणसांना एकेक करून गाठणारं तिचं भूत. तुझ्या गटातला एक जण म्हणतो, धक्के कमी पडतात, वाढव. तुझे सर म्हणतात, भूत काढून टाक आणि बिल्डरची गोष्ट सरळ वास्तववादी कर. या ओढाताणीत तुझं लिहिणंच थांबलंय आणि तू मला विचारतोस, ताई, भूत ठेवू की काढू?

ठेव. पण तुझं अडलंय ते तिथे नाही. तुझी मुलगी पहिल्याच पानावर मरते. तिचं नाव आपल्याला हवालदाराच्या तोंडून कळतं. ती कुठल्या गावची, साइटवर कुणाबरोबर आली, तिला कुणाचा राग यायचा, संध्याकाळी चुलीपाशी बसून ती कशावर हसायची, यातलं अक्षरही संहितेत नाही. जिला मी ओळखत नाही तिच्या सुडात मी कशी गुंतणार? सुडाची भयकथा लिहायची तर आधी मेलेल्याचं जगणं लिहायचं. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळलास तरी वाच.

आता टिपणाकडे येते. अभ्यासाला राम गोपाल वर्मांचा 2003 सालचा ‘भूत’ घेतलास, निवड चांगली आहे. शहरातलं भूत, तेही सूड घ्यायला आलेलं, हा प्रकार हिंदीत समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते. पण तू पानाचे दोन भाग करून डावीकडे ‘आवाज, कॅमेरा, ऊर्मिला’ आणि उजवीकडे ‘उत्तरार्ध ढिला’ एवढंच लिहून मोकळा झालास. एवढ्यावर सिनेमा कळत नाही.

रामसे बंधूंच्या काळापासून आपल्या भयपटाला हवेली लागायची, वादळी रात्र लागायची, कंदील धरलेला नोकर लागायचा. ‘भूत’ने ते सगळं सामान बाहेर काढलं आणि मुंबईतल्या उंच इमारतीतला एक फ्लॅट घेतला. लिफ्ट, वॉचमन, कामाला येणारी बाई, खाली पार्किंग. दिवे चालू आहेत, दिवसाढवळ्या ऊन आत येतंय, आणि तरीही हॉलमधून बेडरूमपर्यंत जायला नको वाटतं. संपूर्ण चित्रपटात एकही गाणं नाही. त्या काळी हिंदीत असं करायला धाडस लागत होतं, आणि त्याचा फायदा असा की भीतीच्या मध्ये प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागाच मिळत नाही. सलीम-सुलेमान यांचं पार्श्वसंगीत काही ठिकाणी फार ओरडतं, हे तुझं निरीक्षण मला मान्य आहे. जिथे ते गप्प बसतं तिथे चित्रपट सगळ्यात भीतीदायक होतो.

ऊर्मिला मातोंडकरबद्दल तू ‘उत्तम अभिनय’ लिहिलंस. असलं विशेषण लिहायला चित्रपट पाहावाही लागत नाही. ती काय करते ते बघ. अंगात येणं हे आपण गावाकडे पाहिलेलं असतं, त्यातलं घुमणं, केस मोकळे सोडणं, आवाज बदलणं. स्वाती ही शहरातली, नीटनेटकी, जीन्स घालणारी बायको, आणि तिच्या त्याच शरीरातून हळूहळू दुसरी बाई वर येते. स्वातीचा थकवा ती इतका खरा दाखवते की आपल्याला भुतापेक्षा या पोरीचं काय होणार याची धास्ती वाटते. फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार तिला त्यासाठी मिळाला, आणि तो योग्य हातात गेला.

पण चित्रपटातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुझ्या पानावर डावीकडे नाही आणि उजवीकडेही नाही. अजय देवगणचा विशाल हा फ्लॅट का घेतो? स्वस्त आहे म्हणून. स्वस्त का? आधी तिथे राहणाऱ्या मंजीत नावाच्या विधवेने आपल्या लहान मुलाला मारून खाली उडी घेतली, असं सगळे सांगतात म्हणून. विशालचा भुतांवर विश्वास नाही. तो हे बायकोला सांगत नाही. मुंबईत ज्याने कधी भाड्याचं घर शोधलंय त्याला हे लगेच कळेल. डिपॉझिट, दलाली, अकरा महिन्यांचा करार, सोसायटीची परवानगी, आणि एवढ्या सगळ्यातून जाताना कुणी बाजारभावापेक्षा कमी भाडं सांगितलं तर आपण कारण खोदून विचारत नाही. त्या घरात भीती शिरते ती या न विचारण्यातून. खरा शहरी भयपट म्हणतात तो हा. हवेलीत भूत असतं कारण हवेली जुनी असते. या फ्लॅटमध्ये भूत आहे कारण नवऱ्याने पैसे वाचवले आणि बायकोला अंधारात ठेवलं.

आणि इथेच उणीवही सुरू होते.

मंजीत कोण होती? बरखा मदानचा चेहरा आपल्या लक्षात राहतो, पण बाई म्हणून मंजीतची आपल्याला काय ओळख होते? विधवा होती. मुलगा होता. घरमालकाच्या मुलाची, संजयची, तिच्यावर नजर होती. त्याच्यामुळे ती मेली, पोराने ते पाहिलं, म्हणून वॉचमनकरवी पोराचाही काटा काढला. एवढंच, आणि तेही शेवटाकडे, संजयच्या कबुलीतून. म्हणजे तिच्या आयुष्याबद्दल आपल्याला सांगतो कोण, तर तिला मारणारा!

आता वॉचमनचा मृत्यू आठव. अंगात मंजीत असलेली स्वाती त्याला मारते आणि विशाल ते बघतो. तेव्हा आपल्याला वाटतं, हे निव्वळ अमानुष आहे. पुढे कळतं की तो सुडाचा पहिला हप्ता होता. रचना म्हणून हे फार हुशारीचं आहे, मी तिची चाहती आहे. पण हिशोब कळतो तेव्हा माझ्या पोटात काही हलत नाही, कारण त्या पोराला मी खेळताना पाहिलेलं नाही. त्याच्यासाठी रात्री जागणारी आई मला दिसलेली नाही. दोन दृश्यं पुरली असती. खरंच, दोनच.

त्याहून मोठी गोष्ट ऐक. मंजीतवर दोन अन्याय झाले. एक, जीव गेला. दुसरा, पोटच्या पोराला मारणारी आई असा डाग तिच्या नावावर बसला आणि सगळी इमारत तो खरा मानून पुढे जगत राहिली. विशालचं स्वस्त भाडं या खोट्यावर उभं आहे. त्याने फक्त बायकोपासून गोष्ट लपवली असं नाही, एका मेलेल्या बाईच्या बदनामीतून त्याने सूट मिळवली. हा चित्रपटाचा गाभा होता. कथेत तो आयता हातात होता आणि चित्रपट त्याच्या शेजारून निघून गेला. एकच जागा अशी आहे जिथे मला खरा काटा येतो. तनुजा मंजीतची आई म्हणून येते आणि तिच्याकडून विशालला कळतं की तिची मुलगी असं करणाऱ्यातली नव्हती. सगळ्या जगात एकच माणूस, ज्याने ती अफवा मानली नाही. तिथे मंजीत पाच मिनिटं जिवंत होते. म्हणून म्हणते, आधी तिचं जगणं.

उत्तरार्ध ढिला का होतो याचं उत्तरही यातच आहे. मंजीतची जागा रिकामी राहिल्यामुळे तिथे बाकीच्यांची गर्दी होते. व्हिक्टर बॅनर्जींचा डॉक्टर, रेखाची मांत्रिक सरिता, नाना पाटेकरांचा इन्स्पेक्टर कुरेशी. नानांचं नुसतं रोखून बघणं मला आवडतं, पण त्या नजरेचा सगळा संशय नवरा-बायकोवर खर्च होतो. याच इमारतीत आधी एक आई आणि एक मूल मेलं, याचं ओझं त्या इन्स्पेक्टरच्या खांद्यावर मला कुठे जाणवत नाही. शेवटी फरदीन खानचा संजय अंधाऱ्या कोठडीत असतो आणि मंजीत त्याच्यासमोर येते. शिक्षा म्हणून ते भयंकर आहे, चटकन मारण्यापेक्षा कितीतरी भयंकर. पण चित्रपट संपताना आपण पुन्हा त्याचीच भीती बघत असतो. तिला खुनी म्हणणाऱ्या शेजाऱ्यांपैकी कुणाला आपले शब्द मागे घ्यावे लागत नाहीत.

तू म्हणशील, ताई, हे भयपटाकडून फार मागणं झालं. अजिबात नाही. 1825 साली जपानमध्ये, एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, चौथा त्सुरुया नांबोकू याचं ‘योत्सुया काइदान’ हे काबुकी, म्हणजे तिथल्या पारंपरिक शैलीतलं, नाटक रंगभूमीवर आलं. त्यातली ओइवा ही नवऱ्यावर सूड उगवणारी बाई. ती मरण्याआधी प्रेक्षक तिच्याबरोबर किती वेळ घालवतो बघ. बाळंतपणानंतर खंगलेली, घरात दारिद्र्य, आणि शेजाऱ्यांनी औषध म्हणून पाठवलेलं विष ती आभार मानून घेते. चेहरा विद्रूप होतो. तरी शेजाऱ्यांना जाब विचारायला जायचं म्हणून ती केस विंचरायला बसते, आणि केस हातात येतात. ती तेव्हा जिवंत आहे! नाटकातलं सगळ्यात भीतीदायक दृश्य भुताचं नाहीच. म्हणून तर दोनशे वर्षांनंतरही ते नाटक करण्याआधी नट मंडळी योत्सुयाला तिच्या देवळात जाऊन येतात.

इतक्या लांबही जायला नको. आपल्याकडे भुताची जात ठरते ती त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यावरून. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. आजी नुसतं मुंजा म्हणाली की पिंपळाखाली बसलेला तो पोर आणि त्याचं न झालेलं लग्न आपल्याला दिसायचं. एका शब्दात गोष्ट अर्धी सांगून व्हायची. तुझ्या मुलीचं अपुरं काय राहिलं? तुला माहीत नाही. मग ती परत कशाला येईल?

मी हे इतकं ताणून धरते त्याला कारण आहे. माझ्याकडेही अशी एक संहिता होती. परळच्या टॉवरमधली, जिथे पूर्वी चाळ होती. भूत होतं गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवालीचं. 1982 चा संप झाला, कामगारांचे पगार थांबले, उधारी वहीत चढत गेली, आणि तिने तरी ताटं वाढणं थांबवलं नाही. पहिला जवळजवळ अर्धा चित्रपट फक्त तिचा होता, तिची वही, तिचा स्टोव्ह, पंगतीला बसलेली तिची माणसं. एक निर्माता तयार होता. त्याची अट एकच, भूत पहिल्या दहा मिनिटांत आणा, म्हातारीचं आयुष्य फ्लॅशबॅकमध्ये गुंडाळा. मी नाही म्हणाले. चित्रपट झाला नाही. आज कुणी मला हट्टी म्हणतं, कुणी म्हणतं हातातली संधी घालवली. त्या बाईला पडद्यावर ताट वाढताना बघायचं राहून गेलं याची हळहळ मला आहे, ती जाणार नाही. पण दहाव्या मिनिटाला तिला पांढऱ्या साडीत उभी केली असती तर ती खानावळवाली उरलीच नसती, कुठलीही बाई चालली असती. ज्या बाईने संपात शंभर तोंडं जगवली तिला मी दचकवण्यापुरती वापरू? आजही विचारलं तर आजही नाहीच म्हणेन.

तुझ्या सरांचं मी ऐकत नाही ते याच मुद्द्यावर. वास्तववादी गोष्टीत तुझी मुलगी मेली की नुकसानभरपाईचा धनादेश निघतो आणि पुढचं सगळं बिल्डर, वकील, पत्रकार बोलतात. भूत ठेवलंस तर तिला बोलता येतं. आणि तुझ्या मित्राचंही ऐकू नकोस. दार आपटलं की कुणीही दचकतो, त्याला लेखक लागत नाही.

2023 च्या सप्टेंबरमध्ये ठाण्यात बाळकुमला चाळीस मजली इमारतीची बांधकामाची लिफ्ट कोसळली आणि सात कामगार गेले. तुझी संहिता तिथून सुचली असं तू लिहिलंस. त्या सातांपैकी एकाचं तरी नाव तुला न बघता सांगता येतं का? मलाही येत नाही. लिफ्टला नवी माणसं लागतात, टॉवर पुरा होतो, घरं विकली जातात. या विसरण्यातून तुझी मुलगी परत यायला हवी. मग तिला बिल्डरच्या माणसांना मारत सुटायची गरजही कदाचित पडणार नाही. ज्या घरात पूजा चालू आहे तिथे कुणीतरी लिफ्टपाशी उभं राहून आपलं नाव सांगतंय, एवढ्यानेसुद्धा मी खुर्चीत आखडून बसेन, पण ते नाव मी आधी प्रेमाने ऐकलेलं असलं पाहिजे.

तेव्हा असं कर. संवाद, धक्के, कॅमेरा सगळं बाजूला ठेव. जवळ कुठे बांधकाम चालू असेल तर सकाळी मजुरांच्या नाक्यावर जा, पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांशी बोल, त्यांना वेळ असेल तेव्हा. मग तुझ्या मुलीची सहा महिन्यांची वही लिही. हजेरी किती भरली, मुकादमाने दर आठवड्याला खर्ची किती दिली, कापली किती आणि काय सांगून कापली, गावाला किती गेले, कुणाकडून उसने घेतले, आणि उरलेल्यातून तिने स्वतःसाठी काय आणलं. तिच्या अक्षरात लिही, लिहिता येत नसेल तर कोण लिहून देत होतं ते ठरव. ती वही मला पाडव्याच्या आत पाठव. नंतर मी गावी जाणार आहे आणि तिथे टपाल वेळेवर येत नाही.

तुझी,
ताई