घड्याळाला काय केलेलं नाहीये ते बघ

अरे,

तुझा मेसेज वाचला. बोनस हातात आलाय, व्हिंटेज स्पोर्ट्स घड्याळ घ्यायचंय, जुनी रॉयल ओक परवडत नाही आणि रोज रात्री जाहिराती बघून डोकं फिरलंय. मॉडेलचं नंतर बोलू. आधी एवढं डोक्यात पक्कं कर की जुन्या घड्याळात आपण पैसे मोजतो ते त्याला काय काय केलेलं नाहीये त्याचे. बफ मारलेला (म्हणजे घासून पॉलिश केलेलं) नाही, डायल बदललेली नाही, काट्यांवर नवा ल्यूम (अंधारात चमकणारा रंग) भरलेला नाही, एवढंच. ब्रँड बघून तर कोणीही घेतं.

रॉयल ओकचंच बघ ना. ऑदमार पिगे या स्विस कंपनीने १९७२ला ती आणली, डिझाईन जेराल्ड जेंटाचं, ३९ मिलिमीटरची, रेफरन्स म्हणजे मॉडेल नंबर ५४०२, आणि स्टीलच्या घड्याळाला सोन्याच्या घड्याळाची किंमत लावली म्हणून लोक चक्रावले होते. पण त्या स्टीलवर काम बघ किती आहे! सपाट भाग ब्रश केलेले, आणि कडांना बारीक चकचकीत पट्टी, एकसारख्या जाडीची. आता कोणीतरी हौसेने "जरा चमकवून द्या" म्हणत ते दुकानात दिलं की मशीनवर धरून पाच मिनिटांत त्या कडा गोल, म्हणजे साबणाची वडी झाली समज, आणि घासून गेलेलं स्टील काही परत येत नाही. लेझर वेल्डिंगने भरून देणारे आहेत, काम सुरेखही करतात, पण मग ते दुरुस्त केलेलं घड्याळ म्हणूनच विकायला हवं, आणि तसं सांगून विकणारे फार थोडे. अजून एक, बेझलवरचे, म्हणजे काचेभोवतीच्या रिंगवरचे, ते आठ स्क्रू खरं तर बोल्ट आहेत, षटकोनी खाचेत बसलेले, फिरूच शकत नाहीत, आवळतात मागून. म्हणून त्यांच्या चिरा ओळीत असतात. वेड्यावाकड्या दिसल्या तर ते घड्याळ सोडून दे.

डायल हा खरा पैशाचा भाग. रोलेक्सच्या जुन्या, हाताने चावी द्यायच्या डेटोना एकेकाळी दुकानांत पडून असायच्या, आणि त्यातली विचित्र डायलवाली तर कोणाला नकोच होती. तीच आज 'पॉल न्यूमन' डायल, हॉलिवूडच्या त्या नटाच्या नावाची. खुद्द पॉल न्यूमनचं घड्याळ २०१७मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. एवढा भाव मिळायला लागला की नुसत्या डायल छापणारे तयार होणारच ना! म्हणून भिंग घेऊनच बघायचं, आतल्या छोट्या गोलांमधल्या रेघांच्या टोकाला बारीक चौकोन असतात, आकड्यांचं वळण वेगळं असतं, छपाईची शाई पसरलेली नसते.

ल्यूम तर घरीच तपासता येतो. साठच्या दशकापासून नव्वदच्या अखेरपर्यंत बहुतेक कंपन्या त्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ वापरायच्या, डायलच्या खालच्या कडेला 'टी स्विस टी' असं काहीतरी दिसतं. ट्रिटियम १२.३ वर्षांत निम्मं होतं, म्हणजे ५० वर्षांत सोळावा हिस्साही उरत नाही. त्यामुळे सत्तरच्या दशकातलं घड्याळ अंधारात रात्रभर लखलखत असेल तर कोणीतरी हात मारलाय. काटे चमकतात आणि डायल गप्प, तर बहुधा काटे नंतरचे. आपल्या चोर बाजारात फावर-ल्यूबा, वेस्ट एंड या जुन्या ब्रँडच्या नव्याने रंगवलेल्या डायलचा ढीग असतो, बाहेरचे कलेक्टर त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. तू मात्र तिथे जाऊन मुद्दाम त्या बघ, हातात घे, नजर फुकटात तयार होते (विकत घेऊ नकोस एवढंच).

कागदपत्रांवर फार विसंबू नकोस. काही कंपन्या जुन्या नोंदींचा उतारा देतात, पण त्यात फॅक्टरीतून काय बाहेर पडलं तेवढंच कळतं, समोरच्या घड्याळात आज काय बसवलंय ते नाही. २०२१ला जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाची एक १९५७ची स्पीडमास्टर ३० लाख स्विस फ्रँकच्या वर गेली, घेतली ओमेगाच्याच म्युझियमने, आणि २०२३मध्ये बाहेर आलं की ती वेगवेगळ्या घड्याळांचे पार्ट जोडून उभी केलेली. जिथे कंपनी फसते तिथे तू-मी कोण!

तुझ्या बजेटमध्ये मला स्पीडमास्टरच बरी वाटते, आत ८६१ नंबरचं मशीन असलेली, १९६८ नंतरची. दणकट आहे, दुरुस्त करणारे मिळतात, पार्टही मिळतात. फक्त १९७०च्या आसपासपर्यंतच्या बेझलवर वेग मोजायचे आकडे असतात, त्यातल्या ९०चा ठिपका आकड्याच्या वरच्या अंगाला असतो, त्या नुसत्या रिंगलाच भाव आहे म्हणून लोक ती काढून वेगळी विकतात आणि घड्याळाला नवी चढवतात. ते बघून घे. परदेशातून मागवणार असशील तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी आधीच हिशोबात धर, नाहीतर स्वस्त वाटलेलं महाग पडतं. सर्व्हिसचे पैसे पण वेगळे काढून ठेव, आणि सर्व्हिसला देताना "पॉलिश करायचं नाही, काढलेला प्रत्येक पार्ट परत द्यायचा" हे पावतीवर लिहून घे, तोंडी नाही.

आता जाहिरातीतलं जे घड्याळ आवडलंय त्याच्या विक्रेत्याकडून फोटो मागव, बाजूने लग्सचे (पट्टा अडकवायच्या कानांचे), मागचं झाकण उघडून आतल्या बाजूचे, मशीनवरच्या नंबरचा, आणि डायलचा उन्हात काढलेला, काचेवर चमक न येता. आढेवेढे घेतले तर समजून जा. सगळे आले की मला पाठव, तोवर टोकन देऊ नकोस.