पुराचे पाणी ओसरल्यावर आधी भिंती वाळवा, रंगाचे मग बघू

आपण लिहिले आहे की पुण्यात सिंहगड रस्त्यावरील आपल्या तळमजल्याच्या सदनिकेत नदीचे पाणी गुडघ्याच्या वर चढले होते. आता ते ओसरले असून एका एजन्सीने साफसफाई, वॉटरप्रूफिंग आणि रंगकाम आठ दिवसांत करून देण्याचे एकरकमी कोटेशन दिले आहे, आणि विमा कंपनीच्या कार्यालयातून मात्र ‘सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) येईपर्यंत कशालाही हात लावू नका’ असे फोनवर सांगण्यात आले आहे. हे शेवटचे वाक्य वाचूनच मी उत्तर लिहायला बसले. जुलै २०२१ च्या पुरात सांगलीच्या गावभागात आम्हालाही जवळजवळ याच शब्दांत हेच सांगण्यात आले होते, आणि त्या वर्षी आमच्या घराचे जे नुकसान झाले, त्यातला मोठा वाटा मी आजही त्या फोनच्या नावावर मांडते.

मी विमा क्षेत्रातली नाही आणि बांधकाम अभियंताही नाही. आपल्या पॉलिसीतील शर्ती वेगळ्या असू शकतात, त्या स्वतः वाचाव्यात. गाळ ओला असतानाच काढणे, वायरमनने तपासणी केल्याशिवाय मेन स्विच चालू न करणे, जमिनीखालची टाकी उपसून ब्लीचिंग पावडरने धुणे, हे करायचे असते ते आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालते.

आमच्याकडे पूर नवीन नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी विमा नव्हता. त्यामुळे कोणाला विचारण्याचा प्रश्नच आला नाही. पाणी उतरले त्या दिवशी आम्ही फावडी घेतली आणि घर बऱ्यापैकी सावरले. पुढे विमा उतरवला, २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले, आणि या वेळी नियमाने वागायचे ठरवून आम्ही कार्यालयात कळवले. तेथील व्यक्तीने ठामपणे सांगितले की सर्व्हेअरने जागा पाहण्यापूर्वी गाळ काढला, फर्निचर हलवले किंवा प्लास्टर खरवडले, तर क्लेम नाकारला जाईल. त्या काळच्या नियमानुसार सर्व्हेअरची नेमणूक ७२ तासांत व्हायला हवी होती. कागदावर ती झालीही असेल, परंतु प्रत्यक्ष माणूस उंबऱ्यावर येईपर्यंत गाळ फरशीला चिकटून बसला होता, कपाटांचा प्लायवूड फुगून थर सुटले होते आणि पाण्याची रेघ जिथे होती तिच्याही वर हातभर काळी बुरशी चढली होती. ओलसर जागी बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात, आणि आम्ही तर तिला निवांत वेळ दिला होता.

खरा धक्का त्यानंतरचा. मंजुरीचे पत्र आले तेव्हा कपाटे आणि दारांच्या रकमेत मोठी कपात होती, आणि कारण असे दिले होते की विमाधारकाने नुकसान वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेतली नाही. ज्या कार्यालयाने हात लावू नका म्हणून सांगितले, त्याच कार्यालयाने हात लावला नाही म्हणून पैसे कापले. वाळवणीच्या यंत्रांच्या भाड्याचे बिल तर ‘देखभालीचा खर्च’ असा शिक्का मारून परत पाठवले. फोनवरच्या सूचनेचा पुरावा मागितला तेव्हा आमच्याकडे कॉलची वेळ होती, शब्द नव्हते. या प्रकाराबद्दल लिहायला बसले की अजूनही भाषा सांभाळावी लागते, म्हणून पुढे जाते.

पॉलिसीची शर्त मात्र त्या कार्यालयाच्या तोंडी सूचनेच्या नेमकी उलट होती. घराच्या विम्यात साधारणपणे विमाधारकावर असे बंधन असते की घटना घडल्यानंतर आणखी नुकसान होऊ नये यासाठी त्याने वाजवी उपाय करावेत. म्हणून आजच, म्हणजे एजन्सीला आगाऊ रक्कम देण्याच्याही आधी, कंपनीला ईमेल पाठवावा. त्यात अमक्या वेळी फोनवर अशी सूचना मिळाली हे लिहावे, नुकसान वाढू नये म्हणून आपण अमुक दिवसापासून गाळ काढणे व वाळवणी सुरू करत आहात हे कळवावे, आणि हरकत असल्यास ती लेखी द्यावी अशी विनंती करावी. माझ्या अनुभवाप्रमाणे फोनवर ठाम असणारी माणसे लेखी हरकत घेण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ मधील सूचनांनुसार आता सर्व्हेअर २४ तासांत नेमला जाणे अपेक्षित आहे, त्याचाही उल्लेख ईमेलमध्ये करावा.

हात लावण्यापूर्वी पुरावा जमवणे मात्र आवश्यक आहे. प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ घ्यावा, पाण्याच्या रेघेजवळ मोजपट्टी धरून छायाचित्रे घ्यावीत, आणि फ्रिज, वॉशिंग मशीन यांच्या मॉडेल क्रमांकाच्या पट्ट्या जवळून टिपाव्यात. गाद्या आणि सोफ्याचा फोम फेकावाच लागतो. नदीच्या पाण्यात गटारांचे पाणी मिसळलेले असते आणि फोम धुऊन शुद्ध होत नाही. परंतु महापालिकेची गाडी तो ढीग उचलण्यापूर्वी त्याचेही छायाचित्र असू द्यावे. फुगलेल्या प्लायवूडचा, सुटलेल्या प्लास्टरचा एकेक तुकडा नाव घालून पिशवीत ठेवावा. आमच्या सर्व्हेअरने तुकडे पाहून काही नोंदी बदलल्या होत्या. तो गृहस्थ कार्यालयापेक्षा पुष्कळ समंजस होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

आता एजन्सीविषयी. आपल्याला मिळालेले कोटेशन मी तरी स्वीकारले नसते. त्यात वाळवणी हा शब्दच नाही, आणि आठ दिवसांत रंग लावून देणाऱ्याला भिंत वाळण्याशी काही देणेघेणे नाही, हे उघड आहे. विटेची नऊ इंची भिंत भिजली की पाणी केशाकर्षणाने रेघेच्या बरेच वर चढते आणि ती आतून वाळायला महिने लागतात. अशा भिंतीवर वॉटरप्रूफिंगचा लेप आणि प्लास्टिक पेंट चढवणे म्हणजे ओले पापड डब्यात भरून झाकण घट्ट लावण्यासारखे आहे. पहिले काही आठवडे भिंत नवी दिसते, मग फोड येतात, पापुद्रे सुटतात, लोणा (क्षारांची पांढरी पावडर) फुटतो आणि तोवर गॅरंटीचा कागद देणाऱ्याचा फोन लागेनासा होतो. शिवाय वॉटरप्रूफिंग हा गळतीवरचा इलाज आहे. दारातून आलेल्या पुराशी त्याचा संबंध नाही, तरी पावसाळ्यात या नावाखाली वाटेल ते विकले जाते.

एजन्सी निवडताना मी फार प्रश्न विचारत नाही. ओलावा मोजण्याचे यंत्र आहे का, एवढे पहिल्यांदा विचारते. ज्याच्याकडे ते नाही, तो सफाईवाला असू शकतो, चांगलाही असू शकतो, पण वाळवणी करणारा नव्हे. यंत्र असेल तर ते कसे वापरतात हे पाहावे. भिंतीतील क्षारांमुळे आकडा फुगतो, त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नसतो. त्याच भिंतीवर, पाणी पोहोचले नाही अशा उंचीवर एक नोंद घ्यावी आणि खालची नोंद तिच्याशी ताडून पाहावी. दोन्हींमधील अंतर आठवड्यागणिक कमी होत गेले पाहिजे. या नोंदी तारखेसह, भिंतीवर पेन्सिलने खुणा करून, आपल्याला लेखी मिळाव्यात, कारण क्लेमच्या वेळी यंत्रे इतके दिवस का चालवली याचे उत्तर तेवढ्यातूनच देता येते. आमच्या बिलाला असा तक्ता जोडलेला नव्हता आणि ‘देखभाल’ हा शिक्का मारणे त्यामुळे त्यांना सोपे गेले.

पावसाळ्यातील वाळवणीबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे, तो म्हणजे खिडक्या उघडून पंखे लावावेत. बाहेरच्या हवेतच आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर ती हवा भिंतीकडून काय शोषून घेणार? ऊन पडले की जरूर उघडावे. एरवी खिडक्या बंद ठेवून, भिंतीच्या बुडाशी वारा मारणारे ब्लोअर आणि हवेतील पाणी ओढणारे डीह्युमिडिफायर अशी जोडी चालवावी लागते. नुसते ब्लोअर लावून ‘ड्रायिंग’चे पैसे घेणारेही आहेत. डीह्युमिडिफायरची क्षमता लिटरमध्ये सांगतात, परंतु तो आकडा बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. खोली वाळत गेली की रोजचे पाणी कमी होणारच, त्यावरून यंत्र बिघडले असे समजू नये. विजेचे बिल कोणाकडे, हे कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्यावे.

आपली सदनिका तळमजल्यावर आहे म्हणून आणखी एक सांगते. टाइल्सखाली वाळूचा किंवा कचीचा थर असेल तर तो पाणी धरून बसतो, आणि वरून कोरडी दिसणारी फरशी भिंतीच्या बुडाला महिनोन्‌महिने ओल पुरवत राहते. भिंतीच्या बुडाशी लावलेल्या स्कर्टिंगच्या पट्ट्या काढून पाहिल्याशिवाय जो एजन्सीवाला दर सांगतो, त्याने जागा पाहिलीच नाही असे समजावे. पाण्याच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंतचा रंग आणि पुट्टी खरवडून काढावी. प्लास्टर पोकळ वाजत असेल तेवढेच फोडावे. सरसकट सगळे प्लास्टर फोडण्याचा सल्ला देणाऱ्याचा हिशेब चौरस फुटावर असतो.

कोटेशन तीन भागांत फोडून मागावे: सफाई व निर्जंतुकीकरण, वाळवणी, आणि दुरुस्ती. तिसरा भाग आत्ता कोणालाच देऊ नये. बिल जीएसटी क्रमांकासह असावे, कारण चिठ्ठीवरचा हिशेब क्लेममध्ये टिकत नाही. आपली पॉलिसी एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित नमुन्याची असेल, तर राडारोडा हलवण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो, आणि इमारतीचा विमा घेतला असल्यास सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण आपोआप लागू होते. कर्ज देताना बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी असेल तर ती कपाटातून काढून जरूर वाचावी. अनेकांना आपल्या सामानाचाही विमा आहे हे ठाऊक नसते. घर राहण्यायोग्य नसेल तर दुसरीकडच्या भाड्याचीही ‘भारत गृह रक्षा’मध्ये तरतूद आहे, म्हणून भाडेकरार लेखी करावा.

कपात झालीच तर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्यात वेळ घालवू नये. कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जावे. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. आम्हाला तिथे कपाटांची काही रक्कम परत मिळाली, यंत्रांच्या भाड्याची मिळाली नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

स्वयंपाकघरातील ट्रॉल्यांच्या बाबतीत मी थोडी हट्टी आहे. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ एकदा फुगला की संपला, तो वाळवण्यावर पैसे घालवू नयेत. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय मात्र दारे काढून, सावलीत उभा ठेवून वाळवला तर बऱ्याचदा वाचतो. उन्हात टाकला तर वाकतो. नवे करून घ्यायचे असेल तर खालची कपाटे स्टीलच्या पायांवर, जमिनीपासून सुटी घ्यावीत, आणि प्लगचे बोर्ड या निमित्ताने कमरेच्या वर न्यावेत.

भिंत वाळली की नाही हे घरच्या घरी पाहायचे असेल तर दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावे आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. आतल्या बाजूला दव दिसले तर रंगाऱ्याला परत पाठवावे. आमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर डिसेंबरातही दव धरत होते. घरातून दिवाळीपूर्वी रंग लावून घेण्याचा आग्रह होईल, पाहुण्यांचा विषय निघेल. तेवढ्यापुरता चुन्याचा हात मारून घ्यावा, कारण चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. ऑइलबाउंड असो वा प्लास्टिक पेंट, पक्का रंग पुढच्या मार्च-एप्रिलात, चिकटवलेल्या प्लास्टिकखालची भिंत कोरडी निघाल्यावरच लावावा.