सत्यमच्या भागधारकांना अमेरिकेत भरपाई, मग इथे का नाही?

प्रश्न : सत्यम कॉम्प्युटर्सचा घोटाळा 2009 मध्ये उघड झाल्यावर अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांना एकाच दाव्यातून भरपाई मिळाली. मुंबईच्या बाजारात शेअर घेतलेल्या माझ्यासारख्यांच्या हाती मात्र काहीच आले नाही. असा सामूहिक दावा आपल्याकडे करता येत नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आज करता येतो, तेव्हा कंपनी कायद्यात तशी तरतूद नव्हती. गुंतवणूकदारांच्या एका संघटनेने राष्ट्रीय ग्राहक आयोगाचे दार ठोठावले होते, पण तिथे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयातही दाद लागली नाही.

अमेरिकेत फेडरल दिवाणी नियमावलीच्या नियम 23 मध्ये 1966 साली मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून भरपाईच्या दाव्यात मोजके प्रतिनिधी न्यायालयापुढे उभे राहतात आणि ‘मला यातून वगळा’ असे जो कळवत नाही, तो आपोआप दाव्यात धरला जातो. वकिलाची फी बहुधा मिळालेल्या रकमेतूनच वळती होत असल्याने भागधारकाला खिशात हात घालावा लागत नाही. सत्यमने 2011 मध्ये 12.5 कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला.

जर्मनीने हा मार्ग जाणीवपूर्वक टाळला. डॉइशे टेलिकॉमविरुद्ध फ्रँकफर्टच्या न्यायालयात सुमारे 17,000 गुंतवणूकदारांचे दावे येऊन पडले, तेव्हा 2005 मध्ये खास कायदा करून सर्वांना समान असलेले मुद्दे एका नमुना खटल्यात ठरवण्याची सोय झाली. दावा मात्र ज्याचा त्यानेच दाखल करायचा.

आपल्या 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 245 जून 2016 मध्ये लागू झाले. एकूण सभासदांपैकी 5 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके भागधारक राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात; लेखापरीक्षकांकडूनही भरपाई मागता येते. बँकिंग कंपन्यांना मात्र हे कलम लागू नाही. तरीही या कलमाचा वापर फारच कमी झाला आहे. माझ्या मते खरी अडचण पैशांची आहे : बार कौन्सिलच्या नियमांनुसार भारतीय वकिलाला निकालातील रकमेत वाटा घेता येत नाही, त्यामुळे शंभर जणांना गोळा करून सुरुवातीचा खर्च भागधारकांनाच सोसावा लागतो; तो कंपनीकडून किंवा दोषी व्यक्तीकडून वसूल करण्याची तरतूद कायद्यात असली, तरी ती अर्ज दाखल करून घेतल्यानंतरची आहे. आपला 2009 चा दावा मुदतीच्या कायद्यामुळे आता टिकणे कठीण आहे.