बाटली काठोकाठ, गाडी कोरडी

तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्यावर अडलो, म्हणून लिहायला बसलो. 2005 ची सँट्रो, शहरात बरी चालते, कात्रजचा चढ लागला की तापमानाचा काटा वर जातो, पंखा फिरतोय आणि मेकॅनिक म्हणतोय रेडिएटर (इंजिनातलं गरम पाणी गार करणारी जाळी) बदला. इथवर ठीक. पण शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, "बाटलीत कूलंट भरपूर आहे, महिनाभरात कमीच झालं नाही." कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणारं द्रव आणि बाटली म्हणजे रेडिएटरला नळीने जोडलेली त्याची जादा साठवण. या एका वाक्यावर मीही सहा महिने निर्धास्त होतो. तेवढ्यात माझ्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गेलं.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. शाळेत गणित शिकवतो. गाडी 2001 ची झेन, सेकंडहँड. जे लिहितोय ते स्वतःचे पैसे घालवून शिकलेलं आहे, तेव्हा ते तुमच्या गाडीला शंभर टक्के लागू पडेल असा दावा नाही. गाडी तापली की बाजूला घ्या, बॉनेट उघडा, थांबा हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

माझ्या गाडीची सुरुवात अशी झाली. सकाळी बॉनेट उघडलं की रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाइप चपटा दिसायचा, कोणीतरी पाय देऊन गेल्यासारखा. गाडी तापली की तो आपोआप फुगून गोल व्हायचा. गॅरेजला दाखवलं. नाव सांगत नाही, मोठं गॅरेज आहे, बसायला एसी आहे, चहा मिळतो. ते म्हणाले, पाइप जुना झालाय, नरम पडलाय. पाइप बदलला. पंधरा दिवसांत नवा पाइपही चपटा. मग म्हणाले थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकतोय, तो काढूनच टाकू, "आपल्या हवेत लागत नाही सर." काढला. मग पंखा डायरेक्ट केला, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू. प्रत्येक वेळी बिल आणि प्रत्येक वेळी बाटलीकडे बोट दाखवून, "पाणी आहे ना सर, मग काळजी कशाला." सहा महिन्यांत रेडिएटरचं झाकण कोणीही हातात घेऊन पाहिलं नाही. मी तरी कुठे पाहिलं?

मग मे महिना. पुण्याहून साताऱ्याला निघालो, मागच्या सीटवर आई, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या. शिरवळ सोडलं तेव्हाच काटा नेहमीपेक्षा थोडा वर होता. खंबाटकीचा घाट अर्धा चढलो आणि काटा लाल पट्टीला टेकला. कुठेतरी ऐकलं होतं की हीटर फुल लावला की इंजिनाची उष्णता आत ओढली जाते. ते खरंही आहे. एसी बंद केला, हीटर लावला. गाडीत भट्टी पेटली. आई पदराने वारा घेत होती. दोनएक मिनिटांनी हीटरची हवा गार यायला लागली आणि पाठोपाठ काटाही सरकत सरकत मधोमध आला. आम्ही सगळे म्हणालो, सुटलो! आई म्हणाली, बघ, देवाला काळजी. मी तसाच घाट चढून वर गेलो आणि सुरूर फाट्याच्या अलीकडे इंजिन खडखडून बंद पडलं.

माझी सगळ्यात महागडी चूक ही. काटा खाली आला तो इंजिन गार झालं म्हणून नव्हे. सेन्सरभोवतीचं पाणी संपलं होतं, तो नुसत्या हवेत-वाफेत लटकत होता आणि पाण्यात बुडालेला नसला की तो खरं तापमान दाखवत नाही. हीटर गार पडला त्याचंही कारण तेच, त्याच्यातून फिरायला गरम पाणीच उरलं नव्हतं. चढावर लाल पट्टीत गेलेला काटा तुम्ही काहीही न करता खाली आला, किंवा हीटर लावल्यावर हवा गार येऊन खाली आला, तर त्याच क्षणी इंजिन बंद करा. मी चार किलोमीटर हाकली. ॲल्युमिनियमचं हेड, ते वाकलंच. हेड उतरवणं, लेथवाल्याकडे फेसिंग (घासून सपाट करणं), नवं गॅस्केट (हेडखालचं सील), ऑइल, मजुरी, टोइंग, सगळं मिळून 26 हजार. आंबे तेवढे वाचले.

दोष सापडला तो वाईतल्या एका रेडिएटरवाल्याकडे. त्याने झाकण उलटं धरलं आणि मधली छोटी चकती नखाने उचलायला सांगितली. हलेना. क्षार बसून जाम झाली होती. (मी वर्षभर बोअरचं पाणी ओतत होतो, ते पाप माझंच.) झाकणाला दोन कामं असतात. इंजिन तापून दाब वाढला की ते जास्तीचं कूलंट बाटलीत सोडतं आणि इंजिन गार झालं की ही छोटी चकती उघडून तेच कूलंट परत आत ओढू देते. माझ्याकडे बाहेर जायची वाट उघडी होती, परतीची बंद. आत पोकळी तयार व्हायची, म्हणून पाइप चपटा! बाटलीत गेलेलं तिथेच राहायचं, म्हणून बाटली भरलेली. चांगल्या गाडीत बाटलीतली पातळी गरम असताना थोडी वर आणि सकाळी थोडी खाली दिसते. तुमची जर महिनाभर हललीच नसेल, तर मला ते चांगलं लक्षण वाटत नाही.

झाकणाने दाबही धरला पाहिजे. साधं पाणी 100 अंशांना उकळतं, 0.9 हा दाबाचा आकडा लिहिलेल्या झाकणाखाली ते साधारण 118 पर्यंत दम धरतं. स्प्रिंग ढिली झाली की घाटात आधीच उकळी. मी दिले होते दीडशे रुपये, नव्या झाकणाचे.

तेव्हा रेडिएटरचा खर्च करण्याआधी गाडी रात्रभर गार होऊ द्या (गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, हे मात्र बजावून सांगतो, माझ्या मेव्हण्याचा हात भाजलाय) आणि सकाळी झाकण उघडून आत बघा. कूलंट काठापर्यंत दिसलं पाहिजे. बोट घालून लागत नसेल तर बाटलीचं ऐकू नका. बाटलीकडे जाणारी बारीक नळीही बघा, तिला चीर असली तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते आणि झाकण नवं असूनही तोच प्रकार होतो. सगळं भरून, झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, अडकलेली हवा असते ती. ते थांबतच नसतील, किंवा झाकण लावून गार इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि गाडी घाटात नेऊ नका. झाकण, नळी, पातळी सगळं ठीक निघालं, तर चढावरच तापणारी गाडी बऱ्याचदा चोंदलेला रेडिएटर दाखवते. म्हणजे तुमचा मेकॅनिक बरोबरही असू शकतो.

थर्मोस्टॅट काढू देऊ नका. यावर इथे वाद होईल, होऊ दे. तो काढल्यावर माझी गाडी सकाळी तापायलाच अर्धा तास घ्यायची, इंजिन गारच आहे समजून जास्त पेट्रोल पीत राहायची, आणि मूळ रोग झाकला गेला तो वेगळाच. शंका असेल तर तो पाण्यात टाकून गॅसवर ठेवा, बहुतेक 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडताना डोळ्यांनी दिसतो. पातेलं जुनं घ्या, कूलंट विषारी असतं. सांडलेलंही धुऊन टाका, गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात.

आणि कुठल्याही गॅरेजात काढलेला जुना पार्ट मागून घ्या. मी मागत नव्हतो. आता पिशवी घेऊनच जातो.

हे सगळं तुमच्या गाडीचं झाकण रेडिएटरवर आहे असं धरून लिहिलंय. दाबाचं झाकण बाटलीवरच असतं अशा गाड्यांचा मला अनुभव नाही. उद्या सकाळी किल्ली फिरवायच्या आधी वरचा पाइप दाबून बघा आणि चपटा होता की गोल, ते इथे लिहा.