मानधन किती, हे विचाराच. मेंटॉर वेळ किती देणार, हे आधी विचारा

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. चित्रकलेची पदविका झाली आहे. मी गवंडीकाम करतो, घरात कलेतलं कोणी नाही. तिला नऊ महिन्यांच्या एका मेंटॉरशिप फेलोशिपला, म्हणजे अनुभवी कलाकाराच्या (मेंटॉरच्या) मार्गदर्शनाखाली काम करायच्या योजनेला, अर्ज करायचा आहे. ‘कलाक्षेत्रात ज्यांना फारशी जागा मिळालेली नाही अशा समाजांतील नवोदितांसाठी’ असं जाहिरातीत आहे आणि दरमहा मानधन मिळेल म्हणतात. शिकवायचं त्यांनी आणि वर पैसेही त्यांनीच द्यायचे, हे मला पटत नाही. फसवणूक तर नसेल? मुलगी म्हणते, यातून गेले तर लोक जन्मभर ‘कोट्यातली कलाकार’ म्हणतील. तिची अर्धवेळ नोकरीही आहे. ती सोडावी लागेल का?

उत्तर : नमस्कार. आधी तुमच्या शंकेचं बघू, कारण ती रास्त आहे.

कलेच्या धंद्यात सुरुवातीची काही वर्षं कमाई जवळजवळ नसते. मोठ्या कलाकाराच्या हाताखाली फुकट राबायचं, प्रदर्शनात काम लावायचं तर फ्रेमचा खर्च स्वतः करायचा, ओळखी होईपर्यंत थांबायचं. ज्याच्या घरून पैसे येतात तो थांबू शकतो. बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मिळेल ती नोकरी धरतात आणि चित्रं माळ्यावर जातात. मग गॅलरीत, निवड समितीत, कलाशाळेच्या शिक्षकांतही त्याच त्याच घरांतले लोक दिसत राहतात. मानधन असतं ते ही गळती थांबवायला. त्यात उपकार नाहीत. तिचा जो वेळ एरवी पोटापाण्यात गेला असता, तो विकत घेतला जातोय.

फसवणूक ओळखायची तर पैसा कुठून कुठे चाललाय ते बघा. अर्ज करताना किरकोळ शुल्क काही ठिकाणी असतं आणि परवडत नसेल तर विनंती करून बऱ्याचदा माफही होतं. पण ‘तुमची निवड झाली आहे, आता नोंदणीसाठी एवढे भरा’ असं पत्र आलं, तर ती फेलोशिप नाही, फी घेऊन चालवलेला वर्ग आहे. मागच्या वर्षीच्या फेलोंची नावं जाहीर असतात. त्यातल्या दोघांना मुलीने निरोप पाठवून सरळ विचारावं : पैसे वेळेवर मिळाले का? मेंटॉर भेटत होते का?

फसवणूक आहे का, याहून ‘अटी काय’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तुम्ही अंगावर काम घेता तेव्हा उचल किती, हप्ता कधी, माल कोणाचा, हे आधी बोलून घेता ना? इथेही तेच करायचं. मानधन दरमहा की शेवटी एकदम? रंग, कागद, छपाई आणि प्रवास यांचे पैसे वेगळे की त्यातूनच? त्यावर कर कापला जाणार का? दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर चालते का? आणि मेंटॉर महिन्यातून किती वेळा, किती तास भेटणार? जाहिरातीत मेंटॉरचं नाव ठळक असतं, पण त्यांच्या वेळेबद्दल अवाक्षर नसतं. नामवंत माणूस उद्घाटनाला आणि समारोपाला दिसतो, मधले महिने व्यवस्थापकाच्या ईमेलवर जातात. तास लेखी द्यायला संस्था कचरत असेल, तर मानधन कितीही चांगलं असो, मी ती पसंतीच्या यादीत खाली टाकेन.

कराराच्या कागदावर आणखी एक ओळ शोधा : तयार झालेल्या कामाचा कॉपीराइट कोणाचा? तो तिचाच राहायला हवा. प्रसिद्धीसाठी छायाचित्रं वापरायची परवानगी मागणं रीतीचं आहे. एखादं काम संस्थेच्या संग्रहात ठेवायची अट असली तरी हरकत नाही, मात्र कोणतं आणि किती ते लिहिलेलं हवं.

आता मुलीच्या शंकेकडे. तिला दोन कलाकारांची हकिगत सांगा. ऑगस्टा सॅव्हेज ही कृष्णवर्णीय अमेरिकन शिल्पकार. १९२३ मध्ये फ्रान्समधल्या एका उन्हाळी कलावर्गाने केवळ तिच्या वर्णामुळे तिला प्रवेश नाकारला. ती गप्प बसली नाही, प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. पुढे १९२९ मध्ये, मुख्यतः कृष्णवर्णीयांना मदत करणाऱ्या रोझेनवाल्ड फंडाच्या फेलोशिपवर ती पॅरिसला शिकायला गेली. परतल्यावर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात तिने मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यांत जेकब लॉरेन्स नावाचा एक गरीब घरातला मुलगा होता. सरकारी कला प्रकल्पात चित्रकारांना पगार मिळत होता, म्हणून ती त्याला घेऊन गेली. वय कमी म्हणून त्याला परत पाठवलं. लॉरेन्स विसरून गेला होता, पण तो २१ वर्षांचा झाल्यावर ती त्याला पुन्हा घेऊन गेली आणि त्याचं नाव लागलं. मेंटॉर म्हणजे मला हे अभिप्रेत आहे. रेषा सुधारून देणारे पुष्कळ भेटतात.

१९४० मध्ये लॉरेन्सलाही रोझेनवाल्ड फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्याने मोठी जागा भाड्याने घेतली. दक्षिणेतून उत्तरेकडे स्थलांतर केलेल्या कृष्णवर्णीयांवर, म्हणजे स्वतःच्या आई-वडिलांच्या पिढीवर, त्याला ६० चित्रांची मालिका करायची होती. साठही फलक एकदम मांडून तो एक रंग सगळ्यांवर लावायचा, मग पुढचा, म्हणजे छटा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी राहील. घरातल्या कोपऱ्यात हे जमलं असतं का? आज त्यातली निम्मी चित्रं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आणि निम्मी वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आहेत. ती फेलोशिप कशाची होती, हे पाहणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही. नावं ठेवणारे असतात, मी नाकारत नाही. ते फेलोशिप न घेताही ठेवतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. अशा अर्जांत मुलं आपलं दुःख मांडून समितीला द्रवायला बघतात. ‘माझी कला उपेक्षितांच्या वेदनेला वाचा फोडते’ हे वाक्य समितीने शेकड्यांनी वाचलेलं असतं. त्याऐवजी : ‘मी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उसवून त्यांवर लिनोचे छापे घेते. वडील गवंडी आहेत, गोण्या घरात नेहमीच होत्या. कागदावर शाई सपाट बसते, गोणीच्या विणीवर ती तुटते आणि मला ते तुटणं हवं आहे.’ ती गोण्यांवर काम करते की नाही, मला ठाऊक नाही. सांगायचं ते इतकंच, की साहित्य, हात आणि कारण दिसलं पाहिजे. घरची परिस्थिती जेवढी कामात येते तेवढीच सांगावी. बाकीची सांगायला ती बांधील नाही, कोणी खोदून विचारलं तरी.

कामाचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, समोरून सरळ काढा. मागची चादर किंवा टेबलाची कड दिसता कामा नये. प्रत्येकाखाली शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार. दहा मागितले असतील तर दहा तऱ्हेची दहा नकोत, एकमेकांशी नातं असलेली हवीत. सर्वांत दमदार काम पहिलं.

नोकरी आज सोडायची नाही. काही फेलोशिप पूर्णवेळ हजेरी मागतात, काहींना आठवड्यातले दोन-तीन दिवस पुरतात. संस्थेला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. निवड झाली आणि पूर्णवेळ लागलं, तर आधी बिनपगारी रजा मागून बघावी. राजीनामा द्यायची वेळ आलीच, तर तो सह्या झालेला करार हातात आल्यावर आणि पहिला हप्ता खात्यात जमा झाल्यावर द्यावा. तोवर मालकाला काही सांगायची घाई नको.