पंखा दोनवर का?

नाशिकच्या एका ४९ वर्षांच्या शिक्षिकेचे पत्र आले आहे. आठ महिने पाळी आलेली नाही, रात्री दोनच्या सुमारास मान आणि पाठ घामाने चिंब होऊन जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. दिवसभर चिडचिड होते, बारावीतल्या मुलीवर ओरडून झाले की स्वयंपाकघरात जाऊन रडू येते. हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का, असे त्या विचारतात.

ताई, तुमच्या चार पानी पत्रात तिसऱ्या पानावर कंसात एक वाक्य आहे: ‘ह्यांना थंडी सोसत नाही म्हणून पंखा दोनवरच असतो, फारच घाम आला तर मी गॅलरीत जाऊन बसते.’ मी तिथेच थांबले. प्राणायाम, शतावरी, जायफळ घातलेले दूध असे सगळे तुम्ही करून पाहिलेत, पण खोलीतल्या रेग्युलेटरला हात लावला नाहीत.

पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होत जाते आणि मेंदूतले शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र हळवे होते. एरवी जाणवलीही नसती इतकी थोडी उष्णता वाढली तरी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, छाती धडधडते, अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो आणि तो वाळला की हुडहुडी भरते. हा झटका सहसा काही मिनिटांत ओसरतो, पण उडालेली झोप परत येत नाही, आणि कोंदट खोलीत झटके वाढतात. मुलीवरच्या ओरडण्याला हार्मोन्सची उलथापालथही कारण असेल, पण महिनोन् महिने अर्ध्या झोपेवर सकाळची शाळा गाठणाऱ्या कोणाचेही डोके शांत राहणार नाही.

‘ते स्वभावाने फार चांगले आहेत’, असे तुम्ही दोनदा लिहिले आहे. असतीलही. पण शेजारी झोपलेली बायको वरचेवर अपरात्री उठून गॅलरीत जाऊन बसते आणि ‘काय होतंय तुला?’ असे एकदाही विचारावेसे वाटत नाही, हा चांगुलपणा मला पुरेसा वाटत नाही. तुम्ही त्यांना यातले काहीच सांगितलेले नाही, हेही मला पटत नाही. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर स्वतःच्या घामाबद्दल बोलायची चोरी असेल, तर त्या शांततेची किंमत तुमची मुलगी मोजते आहे.

आज रात्री पंखा पाचवर करा. त्यांच्या हातात गोधडी द्या आणि साध्या शब्दांत सांगा, ‘माझी पाळी जायची वेळ आली आहे, रात्री अंगातून वाफा निघतात, मला वारा लागतो.’ माफी मागू नका, ‘चालेल ना?’ असे विचारूही नका. ज्याला थंडी वाजते त्याला पांघरूण घेता येते, पण जिच्या अंगाची आग होते तिला कातडी काढून ठेवता येत नाही. हा त्रास अनेकींना सहा-सात वर्षे होतो. तेवढी वर्षे गॅलरीत काढायची नाहीत.

गोळ्यांबद्दल भीती बाळगू नका. ती बरीचशी या गोळ्यांचे धोके सांगणाऱ्या, २००२ साली अमेरिकेत गाजलेल्या एका मोठ्या अभ्यासातून आली, पण त्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे उलटण्यापूर्वी, त्रास जास्त असलेल्या निरोगी स्त्रीला या उपचाराचा फायदा बहुधा धोक्यापेक्षा अधिक असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर मात्र बिगरहार्मोन औषधांचा विचार होतो. हे स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील आणि थायरॉइड, हिमोग्लोबिनही तपासून घेतील. जगणे नकोसे वाटण्याइतके मन खचले असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता आजच डॉक्टर गाठा आणि तसे स्पष्ट सांगा. पुढे सलग बारा महिने पाळी आली नाही आणि त्यानंतर थोडा जरी रक्तस्राव झाला, तरी लगेच दाखवायचे, हेही लक्षात ठेवा.

तपासणीला यजमानांना सोबत न्या आणि बाहेरच्या बाकावर बसवू नका. डॉक्टर रात्रीच्या घामाबद्दल विचारतील तेव्हा कधी जाग येते, किती वेळ बाहेर बसता, सकाळी किती वाजता उठावे लागते, हे सगळे त्यांच्यासमोर सांगा.